बाईसाहेबांचा ‘आ’

अस्वलांच्या खंदकापासून थोरलीनं बोलणंच बंद केलं. फाटकातून आत आल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, हे लिही, ते लिहू नकोस, इकडं उन्हाचं येऊ नका म्हणून लिही; आणि आता सांबरांचं कुंपण गेलं, मोरांची जाळी गेली, तरी बाई आपली ताडताड पुढं. मागून धाकटी जाऊ लंगडत येत होती. सबंध प्राणिसंग्रहालय पायी फिरायचंय हे आधी सांगूनही ती नव्या कोऱ्या चपला घालून आली होती आणि टाचेला फोड घेऊन बसली होती.

“जाऊबाई, अहो जरा दमानं. मी असं काय म्हटलं?”

थोरली वळलीसुद्धा नाही.

“साहेबांनी सांगितलं ते तुमच्या कानावर घातलं. माझ्या पदरचं त्यात एक अक्षर नाही.”

“पदरचं नाही. पण हातचं होणार ना?” एवढं बोलून थोरली पुन्हा ताडताड पुढं.

या भांडणाचं बी थोरलीनंच पेरलं होतं. येणाऱ्या लोकांसाठी नव्या सूचना लिहून हव्यात, एक मोठी पाटी फाटकावर आणि एक पत्रक हातात द्यायला, असं थोरलीच्या साहेबांनी, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या प्रमुखांनी, काढलं तेव्हा हीच पुढं होऊन म्हणाली होती, “आमची धाकटी जाऊ मास्तरीण आहे, चार माणसांना कळेल असं लिहिते.” साहेबांनी धाकटीला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, “हिंडा, बघा, आणि लिहा. फक्त पहिली सूचना मी सांगतो ती घ्या. दुपारी सगळी जनावरं झोपतात, लोक कंटाळतात, मग माझ्याकडं तक्रारी. तेव्हा असं लिहा, की पाणघोड्याच्या तळ्यावर जा आणि मोठ्यानं ‘आ’ म्हणा. पाणघोडी वर येऊन तोंड उघडते. मुलांना भारी गंमत वाटते.”

धाकटीला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. अस्वलांपाशी तिनं ते हौसेनं सांगितलं, आणि पाण्याच्या घोटात झुरळ यावं तसा थोरलीचा चेहरा झाला.

कारण तो ‘आ’ थोरलीचा होता.

जनावरांत येण्याआधी थोरली दातांच्या एका डॉक्टरकडं कामाला होती. खुर्ची पुसायची, चुळा टाकायचं भांडं घासायचं, आणि आत दात उपटणं चालू असताना पेशंटचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. “आ करा. मोठा आ. आणखी मोठा,” हा दिवसभराचा जप. बाजूला यंत्राची घरघर, त्यामुळं तो जप ओरडूनच करावा लागे. लहान मुलं बोट चावायची. मोठी माणसं चावायची नाहीत, पण खोटं बोलायची. रोज दोनदा घासतो म्हणायची आणि आत बघावं तर गेल्या आठवड्याची न्याहारी जागच्या जागी. इस्त्रीचे कपडे, अंगाला अत्तर, आणि तोंड उघडलं की उकिरडा. त्या नोकरीत थोरलीला माणसाच्या तोंडाची जी शिसारी बसली ती कायमची. घरी दहा माणसं जेवायला बसली की ही भिंतीकडं तोंड करून बसायची. कुणाचा मचमच आवाज आला की हिचा घास तिथंच फिरायचा. सासू म्हणायची, “सून आणली की संन्यासीण?”

शेवटी तिच्या नवऱ्यानं, तो इथल्याच पाण्याच्या पंपांवर होता, शब्द टाकून तिला आत चिकटवलं. आधी झाडू, मग घमेली, मग पाणघोडीचं आवार. माणसांची तोंडं नकोत म्हणून देवाचा धावा केला होता. देवानं ऐकलं, आणि जिच्या तोंडात आख्खं घमेलं मावेल अशा बाईच्या पदरात तिला टाकलं. पाणघोडीला ‘बाईसाहेब’ हे नाव नवऱ्यानंच ठेवलं. “कामधंदा नाही, दिवसभर पाण्यात, आणि जेवण जागेवर. आणखी बाईसाहेब कशाला म्हणतात?”

बाईसाहेबांचा खालचा एक सुळा वाकडा वाढायचा. वेळच्या वेळी कानशीनं घासला नाही तर तो सरळ वरच्या टाळ्यात घुसणार. भूल द्यावी तर एवढं धूड त्यातून परत उठेल याची हमी जनावरांचे डॉक्टर देईनात. सगळे डोकं धरून बसले तेव्हा थोरली म्हणाली, “मी शिकवते तिला आ करायला.” लोक हसले. हसणाऱ्यांचे दात बघून थोरलीनं मान फिरवली आणि कामाला लागली.

मागच्या बाजूला जाड गजांचं एक दार आहे. त्याच्यामागं भोपळ्याच्या फोडी घेऊन ती रोज बसायची आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणायची, “आ करा बाईसाहेब. मोठा आ.” पावसाळा गेला, थंडी निम्मी सरली. एके सकाळी बाईसाहेबांनी गजांशी थोबाड आणलं आणि तिजोरीचं दार उघडावं तसं तोंड उघडलं. आत गुलाबी, ओलं, आणि नुसता चघळलेल्या गवताचा वास. थोरलीला गहिवरून आलं. देवानं एवढं मोठं तोंड दिलं आणि त्यातून कुणाची निंदा बाहेर पडायची सोयच ठेवली नाही. डॉक्टरांनी कानस मारली आणि न्हाव्यापुढं बसलेल्या माणसासारख्या बाईसाहेब डोळे मिटून भोपळा चघळत राहिल्या.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण थोरलीचा आवाज यंत्राच्या घरघरीवर पोसलेला. भिंतीपलीकडं लोकांचा कठडा, आणि तिथून तिचा ‘आ’ कुणीतरी ऐकला. आणि स्वतः म्हणून बघितला. बाईसाहेब वर आल्या आणि तोंड उघडून उभ्या राहिल्या. त्यांना काय ठाऊक कोण बोलावतंय. आ म्हणेल ती थोरली. पुढं फोनवर फिल्मा फिरल्या, आणि लोक वाघ-सिंह सोडून तळ्यावर येऊन ‘आ’ ‘आ’ करायला लागले. उघड्या तोंडात काही टाकल्याशिवाय माणसाच्या हाताला चैन पडत नाही. पाव टाक, बिस्किटं टाक, ती पिशवीसकट टाक.

बाईसाहेबांच्या शेजारी तेव्हा एक नर होता, ‘बुवा’ म्हणायचे त्याला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हिला मिळतं ते बघून त्यानंही तोंड वासायला सुरुवात केली. कुणीतरी त्याच्या तोंडात रबरी चेंडू नेम धरून मारला. टाळ्या पडल्या म्हणे. बुवांनी खाणं टाकलं आणि थोड्या दिवसांत गेले. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा टब धरायला थोरली होती. चेंडू निघाला, पिशव्यांचा बोळा निघाला, आणि लहान मुलाची एक चप्पल निघाली. आतडी बघून तिला काही झालं नाही. त्या चपलेवर हसऱ्या सशाचं चित्र होतं, ते जसंच्या तसं रंगीत राहिलेलं बघून मात्र ती भिंतीला टेकली आणि ओकली.

“हात दाखवून अवलक्षण केलं मी,” एवढंच ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली.

आता पेच असा होता की बाईसाहेबांनी तोंड उघडणं बंद केलं तर सुळा त्यांना मारणार, आणि सगळ्यांसाठी उघडलं तर माणसं मारणार. थोरलीनं त्यातून वाट काढली. मागच्या दाराशी तिनं ‘आ’ म्हणणं सोडलं. लोखंडी बादलीवर आकडीनं हलकेच ठोकायचं, तोंड उघडलं की भोपळा. आणि सुट्टीच्या दिवशी साधे कपडे घालून तीच लोकांच्या बाजूला जाऊन उभी राहायची, मोठ्यानं ‘आ’ म्हणायची, आणि काही म्हणजे काही द्यायची नाही. हा शब्द पोकळ आहे, यात भोपळा नाही, हे त्या जनावराच्या डोक्यात उतरावं म्हणून. स्वतःच पाळलेल्या जिवाला भर गर्दीत असं फसवताना तिला आपलीच किळस यायची. पुन्हा तिनं महिनाभर रिकामा ‘आ’ म्हणावा आणि एखाद्यानं एक पाव टाकून सगळं पाण्यात घालवावं. पालथ्या घड्यावर पाणी.

पण मध्यंतरी देवाच्या मनात आलं. कठड्याचा गंज काढायचं काम निघालं आणि लोकांची बाजू दोन महिने बंद राहिली. पलीकडं एकटी थोरली उभी राहून ‘आ’ म्हणायची. आधी बाईसाहेब तोंड उघडायच्या, मग नुसत्या बघायच्या, मग नुसता कान हलवायच्या. कालपरवाच कठडा पुन्हा खुला झाला होता. अजून गर्दी लागली नव्हती. आणि आता पत्रकात पहिली ओळ, म्हणजे फाटकातून येणाऱ्या प्रत्येक हातात ‘आ’.

“हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?” सगळं ऐकून धाकटीनं विचारलं. माकडांच्या पिंजऱ्यासमोरच्या बाकाजवळ थोरलीचं मौन सुटलं होतं आणि तिनं एका दमात हे सगळं ओकून टाकलं होतं.

“सांगितलं की. म्हणाले, बघू. म्हणाले, लोक त्यासाठीच येतात, न खाऊ घालायची पाटी लावतो. आहे ना ती पाटी. बघ तिकडं.”

धाकटीनं बघितलं. ‘प्राण्यांना खाऊ घालू नये’ या पाटीखाली केळीच्या सालींचा ढीग होता, आणि ‘नये’वर कुणीतरी पिचकारी मारली होती. धाकटी बाकावर टेकणार तेवढ्यात थोरलीनं तिला दंडाला धरून उठवलं.

“आधी बघ, मग टेक. ही लिही तुझी पहिली सूचना.”

बाकाच्या फटीत च्युइंगम होतं, त्याला केस चिकटले होते. बाकाखाली बाळाचा भरलेला लंगोट नीट घडी करून ठेवला होता, जणू परत येऊन कुणी नेणार आहे.

“शी! देवा रे.”

“कचऱ्याचा डबा हा इथं, हात लांब केला की लागतो. पण नाही. माकडाच्या पिंजऱ्यातली घाण मी रोज काढायचे गं, कधी नाक मुरडलं नाही. ते बिचारं खातं आणि हागतं, लपवत नाही. हे खातात, हागतात, घडी करून ठेवतात आणि वर माकडाला म्हणतात घाणेरडं.”

“जाऊबाई, हळू. लोक ऐकतात.”

“ऐकू देत. तिकीट काढलंय त्यांनी.”

समोर एक गृहस्थ पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली चूळ भरत होते. खळखळून भरली, टाकली, नाकही त्याच नळाखाली शिंकरलं, आणि मग मागं उभ्या बाईला म्हणाले, “या, थंडगार आहे.” थोरलीनं डोळे मिटले. धाकटीनं घरून आणलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढून मुकाट्यानं तिच्यापुढं धरली.

“ही दुसरी,” थोरली घोट घेऊन म्हणाली. “पाणी घरून आणा. तिसरी, चपला जुन्या घाला. ती तुला लिहून द्यायला नको, टाच सांगेल.”

धाकटी हसली. मग थोरलीही नाकातून हसल्यासारखी झाली, आणि दोघी तळ्याच्या वाटेला लागल्या.

तळ्यावर एकच घोळका होता. एक दांडगा बाप, त्याची बायको, सासू असावी अशी एक म्हातारी, आणि पोरं. बापाच्या हातात फोन, सासूच्या मांडीवर पावाची पिशवी. थोरली लांबूनच थबकली. तिनं धाकटीचा हात धरला.

“आ!” बाप ओरडला. “आ कर गं, आ!”

पाण्यावर दोन कान आणि दोन नाकपुड्या. एक कान हलला. बस.

“आऽऽ!” पोरांनी सूर धरला. सासूनंही धरला. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. थोरलीचे ओठ पुटपुटत होते. नको गं बाई, नको, एवढं ऐक माझं.

“मेलीय का काय?” बाप म्हणाला. “फोनवर तर लगेच उघडते.” त्यानं कठड्यावरून पाण्याची अर्धी बाटली उचलली आणि भिरकावली. ती बाईसाहेबांच्या कपाळावर धप्प करून आपटली आणि तरंगायला लागली.

“ओ!” थोरली धावली. “काय करताय? मारता काय तिला?”

“तुम्ही कोण?”

“मी तिच्या घरची!”

बाप बायकोकडं बघून हसला. “ऐकलंस? घरची आहे. दिसतंच आहे.” सासू पदराआड खुदकली. “बाई, आम्ही तिकीट काढलंय. जनावर बघायला आलोय, तुमची व्याख्यानं ऐकायला नाही. अगं, पाव दे इकडं. पाव दाखवला की येईल.”

पाव हवेत गेला आणि कठड्याच्या पलीकडं, तळ्याच्या पायरीशी पडला. वास लागला असावा. पाणी हललं. बाईसाहेब उठायला लागल्या, आधी डोकं, मग पाठ, मग ते सगळं डोंगराएवढं ओलं अंग, आणि निघाल्या कठड्याच्या दिशेनं. पोरं नाचायला लागली. बापानं फोन वर केला. दोन महिन्यांची तिची कमाई एका शिळ्या पावावर चालली होती.

बाईसाहेब अगदी जवळ आल्या. थांबल्या. मग त्यांनी पावाला आणि माणसांना पाठ दिली.

“फिरली बघ कशी!” सासू म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत बाईसाहेबांनी आपली आखूड जाड शेपूट पंख्यासारखी गरगर फिरवायला सुरुवात केली आणि तिच्याबरोबर पोटातलं होतं नव्हतं ते सगळं. पाणघोडे आपली हद्द अशीच शिंपून ठेवतात. हिरवा काळा पाऊस कठड्यावर, फोनवर, बापाच्या पांढऱ्या शर्टावर, सासूच्या चष्म्यावर. एक भलामोठा थेंब उडून धाकटीच्या नव्या चपलेवरही बसला.

“आई गं! शी, शी, शी! चला इथून!” बायको पोरांना ओढत सुटली. “काय घाण मारतेय! तरी मी सांगत होते वाघ बघू या म्हणून!”

“हॅ! फालतू जागा!” बाप शर्ट चिमटीत धरून तिच्यामागं. “पुन्हा कोण येतंय इथं!”

सासू चष्मा पुसता पुसता तोंडातून जे काही काढत होती, ते ऐकून थोरलीला पुन्हा दातांचा दवाखाना आठवला. पण आज तिनं मान फिरवली नाही. घोळका वळणापार दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. आणि मग कठड्याला धरून अशी हसली, की धाकटीला तिची मागची दाढसुद्धा दिसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटीनं थोरल्या जावेला तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं.

“ये,” डोळे पुसत थोरली म्हणाली, “मागं चल.”

मागच्या दाराशी अंधारं, गार होतं. थोरलीनं आकडीनं बादलीवर टक् टक् केलं. पलीकडून पाणी निथळल्याचा आवाज आला आणि गजांशी ते थोबाड येऊन टेकलं. तोंड उघडलं. धाकटी दोन पावलं मागं सरली, मग एक पाऊल पुढं आली. वाकडा सुळा चांगलाच वाढला होता, तोंड मिटलं की टाळ्यापासून चार बोटांचं अंतर राहत असेल नसेल. टाळ्यावर तिथं जुना पांढरा व्रण होता.

“पुढच्या आठवड्यात कानस लागायची. हे तोंड एवढ्यासाठी उघडलं पाहिजे बघ, आणि माझ्यासमोर.” थोरलीनं आत भोपळ्याची फोड सोडली. मग खिशातून फडकं काढून ती धाकटीसमोर खाली बसली आणि तिची चप्पल पुसायला लागली.

“अहो, हे काय करताय? सोडा, मी पुसते. तुम्ही थोरल्या.”

“गप उभी राहा, फोड फुटेल. एक ऐकशील माझं?”

“साहेबांची ओळ लिहू नको, एवढंच ना? नाही लिहीत. सांगते त्यांना.”

“तू लिहिली नाहीस तर ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. नुसतं गाळून भागायचं नाही. त्या जागी दुसरं लिही.”

“मला खोटं लिहवत नाही, जाऊबाई. तुम्हाला माहीत आहे.”

“खोटं कशाला?” थोरलीनं फडकं तिच्या नाकापुढं धरलं. धाकटीनं तोंड फिरवून पदर लावला. “साहेब काय म्हणाले तुला? हिंडा, बघा, आणि लिहा. हिंडलीस. बघितलंस. आता लिही, की पाणघोड्याच्या तळ्यावर वास येतो, घाण अंगावर उडते, कपडे वाया जातात, बाळं आणि म्हातारी माणसं यांना तिकडं नेऊ नये, वाघाकडं जावं. आणि ‘घाण’ तेवढा मोठ्या अक्षरात लिही माझ्या बाई, फाटकातूनच दिसला पाहिजे.”